राखणदाराला निरोप
नारळाचं पाणी तापल्या जांभ्यावर सांडलं, की त्या वासानं मला कुडाळातला तो खड्डा आठवतो. तिथं होणाऱ्या टॉवरमध्ये आम्ही सातव्या मजल्यावरचं घर ठरवलं होतं. भूमिपूजनाला जागेच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालून कामाची परवानगी मागितली, तीही माझ्या वडिलांनीच. टॉवर रद्द झाल्याचं पेपरात वाचलं, तसे दुसऱ्या सकाळी ते नारळ घेऊन मला तिथं घेऊन गेले. पायाच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं, गंजक्या सळ्यांवर बगळे बसले होते. काठावरच्या जांभ्याच्या चिऱ्यावर नारळ फोडून वडील म्हणाले, "बा देवा म्हाराजा, तुका इचारून हयसर काम काढलला, ता आता रद्द झाला. आमची वाट बघू नको." भूमिपूजनाला 'व्हय म्हाराजा' म्हणायला शंभर माणसं होती, त्या दिवशी मी एकटाच म्हणालो. परतताना ते एवढंच बोलले, "तेका कोणी सांगूक नको?" आम्हांला सांगायला मात्र बिल्डर अजून यायचाय.