पट्टी खाली घे

जुन्या लॅपटॉपमधली विंडोज काढून मी स्वतः लिनक्स टाकलं, पडदा मनासारखा सजवला. घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. तरी घरच्यांना वाटलं, दुकानदारानंच करून दिलं.

बोईसर स्टँडवर मी लॅपटॉप उघडून बसले होते, तेव्हा रिकामी पाटी घेऊन एक मासेवाली शेजारी बसली. पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "ही चिन्हांची पट्टी वर कशाला? डोक्यावर ओझं मला हाय, तुला कशाला गं?"

मी पट्टी खाली आणली. तिनं टाळीच दिली. "आता आमच्या होडीसारखा निळा रंग दे!" दिला. तिची नवापूरची बस लागली, तरी उठेना. "काठाला पिवळा!"

कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा धावली. खिडकीतून अख्ख्या स्टँडला ओरडून सांगितलं, "पोरीनं सोता केलंय हां, सोता!"

मी लॅपटॉपच उंच धरला.