पहिल्या तीन रांगा

हाउसफुल्लचा लाल बोर्ड दिसला की आजही माझ्या तोंडाची चव जाते. बाकीच्यांना तो बोर्ड बघून आनंद होतो. नाटकवाले त्याला झेंडूचा हार घालतात, त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात, एकदोघांना तर त्याच्या पाया पडताना मी बघितलं आहे. मी सहा वर्षं वाशीत एका नाट्यगृहाच्या बुकिंगच्या खिडकीत बसलो आणि तो बोर्ड माझ्याच स्टुलामागे भिंतीला टेकवलेला असायचा. त्याच्यावर धूळ किती बसते, हे मला ठाऊक आहे.

तुर्भ्याच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरी बसून बायकोच्या डोक्याला ताप देण्यापेक्षा बरं, म्हणून हे काम धरलं. सानपाड्याहून रिक्षाने दहा मिनिटं. नाटकाची आवड होतीच. आवड असलेल्या माणसाने त्या खिडकीत कधी बसू नये, हे मात्र मला कोणी सांगितलं नाही. तिथून नाटक दिसत नाही, प्रेक्षक दिसतात, आणि प्रेक्षक ही काही जवळून बघण्यासारखी चीज नाही.

‘नाटक कसं आहे?’ असं विचारणारा महिन्यातून एखादा. बाकीचे विचारणार, ‘सीरियलमधलं कोण आहे यात?’, ‘एसी नीट चालतो का?’, ‘कडेची खुर्ची द्या, ह्यांना मध्येच उठावं लागतं.’ कोटीच्या वरच्या फ्लॅटमध्ये राहणारा माणूस बाल्कनीच्या तिकिटावर सवलत मागतो आणि मध्यंतरात त्याच पैशांचे वडे आणि कोल्ड्रिंक हाणतो. आणि पास मागणारे तर विचारूच नका. ‘मी अमक्याचा मेहुणा’ एवढ्या भांडवलावर माणसं चार-चार खुर्च्या मागतात. दिल्या नाहीत तर, ‘म्हणूनच मराठी नाटक मरतंय’ असं ऐकवून जातात.

बुधवारी पेपरात जाहिरात यायची, त्याच सकाळी खिडकी उघडायची आणि रविवारी दुपारी चारला प्रयोग. तेवढ्या दिवसांत नाटकवाल्यांचा जीव वर-खाली होत असतो. निम्मी तिकिटं मोबाइलवर जायची, निम्मी माझ्याकडे. जोडून सुट्ट्या आल्या की अख्खी नवी मुंबई अलिबागला पळाली, बुकिंग बसलं. पितृपक्ष लागला, बसलं. दहावीची परीक्षा आली, बसलं. मग एखाद्या रविवारी काहीही कारण नसताना लोक लोटतात आणि निर्माता छाती पुढे काढून सांगत सुटतो की नाटकाने उचल खाल्ली. का खाल्ली, ते त्याला कळलेलं नसतं. मलाही सहा वर्षांत कळलं नाही.

माझ्या आधी खिडकीत बसणाऱ्या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट शिकवली. कोरा प्लॅन गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही. प्लॅन म्हणजे नाट्यगृहातल्या सगळ्या खुर्च्यांचा छापील नकाशा; खुर्ची विकली की तिच्यावर फुली मारायची. मोकळ्या पंगतीत पहिल्या पानावर बसायला माणूस कचरतो, तसंच इथेही. कोरा नकाशा बघितला की गिऱ्हाईक म्हणतं, ‘बघतो, उद्या येतो,’ आणि त्याचा उद्या काही उगवत नाही. म्हणून बुधवारी खिडकी उघडायच्या आधी पहिल्या तीन रांगांवर पेन्सिलीने खोट्या फुल्या मारून ठेवायच्या. मग चौथ्या रांगेवर लोक झडप घालतात. शुक्रवार-शनिवारी त्या फुल्या एकेक करून खोडरबराने पुसायच्या आणि ‘आत्ताच कोणीतरी परत केलं बघा, नशीब तुमचं’ म्हणत विकायच्या. सुरुवातीला मी त्या फुल्या अगदी फिक्या मारायचो. मग सवय झाली, आणि सवय झाल्यावर मी त्याला हुशारी म्हणायला लागलो.

गेल्या वर्षी एक नाटक आलं. चार पात्रं, दोन अंक, सीरियलमधलं कोणी नाही. मुख्य भूमिका छप्पन्न वर्षांच्या एका बाईंची होती. विम्याच्या ऑफिसातली नोकरी सांभाळून पंचवीस वर्षं त्यांनी मोलकरीण, शेजारीण आणि नायिकेची आत्या एवढंच केलं होतं. या नाटकात पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत त्या रंगमंचावर असायच्या. मी एकदा मागे उभा राहून प्रयोग बघितला आणि मध्यंतरात चहालाही बाहेर गेलो नाही. मला ओळखणाऱ्यांना याचा अर्थ कळेल.

बाई ऐरोलीला राहायच्या. वाशीत प्रयोग असला की त्या बुधवारी संध्याकाळी हमखास त्यांचा फोन यायचा.

“भाऊ, प्लॅन कसा दिसतोय?”

“भरतोय, ताई. काळजी नको.”

कलाकाराला खरं सांगायचं नाही, हाही तिथला रिवाज. पहिल्या प्रयोगाला अर्धं नाट्यगृह भरलं होतं. दुसऱ्याला त्याहून बरं. तिसरा नेमका जोडसुट्टीत सापडला आणि पार बसला. चौथ्याच्या आधी निर्मात्याने सगळ्यांना बोलावून सांगून टाकलं की वाशी भरलं तर पुढच्या महिन्यात पुणं आणि नाशिक लावतो, नाही भरलं तर तोच शेवटचा प्रयोग. हा निर्माता चाळिशीचा, पूर्वी लग्नांचे आणि कंपन्यांचे इव्हेंट करायचा. नाटक त्याने एकदाही सलग बसून बघितलं नव्हतं. बाईंनी त्या बुधवारी फोन केला तेव्हा आवाज जरा बारीक होता. त्यांना माहीत होतं की असं काम त्यांना परत कोणी देणार नाही. मी नेहमीसारखंच म्हणालो, “भरतोय.”

आणि खरोखर बरं चाललं होतं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत चौथ्या रांगेपासून मागचं बहुतेक गेलं होतं. बाल्कनीही भरत आली होती. उरल्या होत्या माझ्या खोट्या फुल्यांच्या तीन रांगा. शनिवारी फुल्या पुसायच्या आणि विकायच्या, एवढंच काम होतं. शनिवारी लोक येतातच. मी खोडरबर काढूनही ठेवलं होतं.

तेवढ्यात निर्माता आला. प्लॅन बघून त्याचे डोळे चमकले.

“काका, हे तर फुल दिसतंय. उद्या सकाळी बोर्ड लावून टाका. फोटो काढतो, रविवारच्या जाहिरातीत ‘वाशी हाउसफुल्ल’ टाकतो. पुणं आपोआप उचलेल.”

“साहेब, पुढच्या तीन रांगा पेन्सिलीच्या आहेत. विकलेल्या नाहीत.”

“त्या मी पासवर भरतो. फोटोत तिकीट दिसतं का? डोकी दिसतात.”

“उद्याचा दिवस खिडकी चालू ठेवूया. लोक येतात.”

“काका, तुमी टेन्शन नका घेऊ. मोबाइलवरचं पण बंद करतो.”

त्याने तिथूनच जवळच्या गावठाणातल्या एका पुढाऱ्याला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. पलीकडून आवाज आला, “मानसं हायत आपल्याकडं. तीन रांगा काय, पाच भरतो.” झालं. विकता येणाऱ्या खुर्च्या फुकट वाटायच्या आणि त्याला धंदा म्हणायचं. मला शिसारी आली. तरी त्याच्यासमोर बसून मीच पेन्सिलीच्या फुल्या निळ्या पेनाने गडद केल्या, म्हणजे कोणी डोकावलं तरी शंका नको.

शनिवारी सकाळी बोर्ड मीच बाहेर नेला. धूळ पुसली, हार घातला. निर्माता समोर उभा राहून वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढत होता. अकराच्या सुमारास आठ-दहा बायका रिक्षांतून उतरल्या. नीट साड्या नेसलेल्या, एकीच्या हातात नावांची यादी.

“बावीस तिकिटं हवीत. अठरा आम्ही आणि चार जणींचे मिस्टर. एकत्र मिळतील ना?”

प्लॅन माझ्या मांडीवर होता. पहिल्या तीन रांगांत बावीस काय, तिप्पट माणसं बसली असती. निर्माता खिडकीला कोपर टेकवून उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं.

“हाउसफुल्ल आहे,” मी म्हणालो.

मला वाटलं, चिडतील, वाद घालतील. तिकिटं मिळाली नाहीत की लोक माझीच आई-बहीण काढतात. पण या बायका खूश झाल्या. एकीने दुसरीच्या हातावर टाळी दिली. “बघ, मी म्हटलं नव्हतं?” मग सगळ्या बोर्डाभोवती उभ्या राहिल्या आणि हसत हसत फोटो काढले. यादीवालीने विचारलं, “परत कधी आहे?” मी सांगितलं, पुढच्या महिन्यात. “मग तेव्हा लवकर येऊ,” म्हणत त्या गेल्या. मला तो प्रकार कळला नाही. वेड्या आहेत, असं मनात म्हणून मी खिडकी लावून घेतली.

रविवारी दुपारी दोनला बाई मेकअपसाठी आल्या, त्या आत न जाता सरळ खिडकीशी आल्या. हातात पेढ्यांचा बॉक्स.

“भाऊ, तोंड गोड करा. तुमच्यामुळे झालं हे.”

“काय झालं?”

“काल माझ्या सोसायटीतल्या बायका आल्या होत्या ना? तुम्ही परत पाठवलंत म्हणे. वीस वर्षं राहते मी तिथे. नाटकात काम करते म्हटलं की विचारायच्या, मोलकरणीचं का? काल हाउसफुल्लचा बोर्ड बघून आल्या आणि घरी येऊन मला हे पेढे दिले. नारळसुद्धा दिला.” त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. “घ्या ना.”

मी पेढा घेतला आणि त्यांच्यादेखत खाल्ला. तो गिळताना मला स्वतःची जेवढी किळस आली, तेवढी त्या निर्मात्याचीही कधी आली नाही. त्या क्षणी सांगता आलं असतं. मी म्हणालो, “छान आहे.”

साडेतीन वाजले, पावणेचार वाजले. पासवाल्यांचा पत्ता नाही. निर्मात्याने फोन लावला. “अरे, मॅच हाय ना आज,” पुढारी म्हणाले. “पोरं टीव्हीसमोरनं उठंनात. मी येतो ना चार-पाच जनांना घेऊन.” मी म्हणालो, निदान मागच्यांना पुढे आणून बसवूया. तर निर्माता म्हणतो, नको, ते आले आणि त्यांच्या जागेवर कोणी बसलेलं दिसलं तर पंचाईत. तिसरी घंटा झाली. बाजूच्या दारात मी उभा होतो. पडदा उघडला तेव्हा मागे गच्च माणसं आणि पुढे तीन रांगा ओळीने रिकाम्या.

नाटकाच्या सुरुवातीला बाई खुर्चीवरून उठून पुढे येतात आणि प्रेक्षकांकडे बघत पहिलं वाक्य बोलतात. त्या पुढे आल्या, आणि थांबल्या. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या रांगा बघितल्या. मला वाटलं वाक्य विसरल्या. मग बोलल्या, आणि त्यानंतर पूर्ण प्रयोग त्यांनी चौथ्या रांगेच्या वर नजर ठेवून केला. दुसऱ्या अंकात पुढारी चार पांढऱ्या कपड्यांतली माणसं घेऊन आले, पहिल्या रांगेत मधोमध बसले, दोनदा फोनवर बोलले आणि नाटक संपायच्या आत उठून गेले. जाताना त्यांच्यातला एक जण माझ्याकडे बघून म्हणाला, “जरा स्लो हाय.”

सहाच्या पुढे बाई मेकअप पुसून बाहेर आल्या. हाराचा बोर्ड तसाच दारात होता.

“भाऊ, हा कोणी लावला?”

“मी.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि समोरून जाणाऱ्या रिक्षाला हात केला.

सोमवारी निर्मात्याने नाटक बंद केल्याचं कळवलं. त्याचं म्हणणं, तिकिटं पुरेशी गेली नाहीत. न विकलेल्या खुर्च्यांचं खापर त्याने प्रेक्षकांवर फोडलं आणि एका मुलाखतीत आजच्या रसिकांच्या अभिरुचीबद्दल हळहळ व्यक्त केली. आदल्याच दिवशी पेपरात ‘वाशी हाउसफुल्ल’ छापून आलं होतं, बोर्डाच्या फोटोसकट. फोटोत कोपऱ्यात माझा हात दिसत होता.

पुढच्या महिन्यात एका बुधवारी सकाळी मी खिडकी उघडली, तर यादीवाली बाई पहिलीच उभी. बरोबर आणखी दोघी.

“या वेळी बुधवारीच आलोय. जेव्हाचा प्रयोग असेल तेव्हाची बावीस द्या. पुढच्याच रांगा हव्यात.”

नाटकातल्या बाईंनी या तिघींना काहीच सांगितलं नव्हतं. तारीख विचारली की ‘कळवते’ म्हणायच्या, असं या तिघी म्हणाल्या.

“ते नाटक बंद झालं,” मी म्हणालो.

“असं कसं? हाउसफुल्ल नाटक बंद कसं होतं?”

तेव्हाही तब्येतीचं नाहीतर तारखांचं कारण सांगता आलं असतं. मी ड्रॉवर उघडला. त्या रविवारचा प्लॅन मी फेकला नव्हता. तो खिडकीतून बाहेर सरकवला आणि निळ्या फुल्यांवर बोट ठेवलं. या रांगा विकल्याच नव्हत्या, तुम्ही आलात तेव्हा रिकाम्या होत्या, बोर्ड खोटा होता, असं सगळं सांगितलं. यादीवालीने एकेक खुर्ची बोटाने मोजली आणि बाविसाव्या खुर्चीवर बोट थांबवलं.

“आम्ही बसलो असतो इथे,” ती म्हणाली. “मग आम्ही तिला पेढे कशाचे दिले?”

त्यातला एक मी खाल्ला होता, हे मला त्यांना सांगवलं नाही.