वाकोला ते देवनार: फुकटच्या इतिहास सहलीत वर गेलेले हात

फुकटची सहल कधीच फुकट नसते हे मला माहीत होतं. तरी मी गेलो, कारण आई जाणार होती आणि तिला बस लागते.

आमच्या वाकोल्याच्या वस्तीत निवडणूक जवळ आली की सहली निघतात. कधी एकवीरा, कधी शिर्डी, कधी नुसतंच वॉटर पार्क. खर्च इच्छुक उमेदवाराचा. आपण फक्त टोपी घालायची आणि परत येताना त्यांचं नाव लक्षात ठेवायचं. या वेळी आमच्या वॉर्डातल्या भाऊंनी नवीन काढलं होतं: ‘उपनगर इतिहास दर्शन’. भाऊंचं नाव लिहीत नाही. आमच्याकडे प्रत्येक नाक्यावर एक भाऊ आहेत, तुम्ही तुमचा घाला.

या सहलीचा फ्लेक्स मीच टाइप केला होता. मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहे. बारावीनंतर माझं शिक्षण राहिलं, पण शुद्धलेखन सुटलं नाही. फ्लेक्सवर तीन थांबे होते: अंधेरीची महाकाली लेणी, बोरिवलीची मंडपेश्वर लेणी आणि घाटकोपरला चहा. चौथा थांबा लिहिलेला नव्हता. माझा सगळा राग त्या चौथ्या थांब्यावर आहे, पण आधी लेण्यांबद्दल सांगतो. तुमच्यापैकी काहीजण ती बघायला जाणार असतील, आणि लेण्यांचा यात काही दोष नाही.

सकाळी हायवेच्या कडेला दोन बस उभ्या होत्या. मी लिंबू, आल्याच्या वड्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि साखर-मिठाचं पाणी घेतलं होतं. आमच्या समोरच्या खोलीतले वसंतमामा माझी पिशवी बघून म्हणाले, “काय रे झिला, लेण्यांत प्रसूती करूची आसा काय कोणाची?” मागच्या सीटवरच्या सगळ्या बाया हसल्या. मामा मूळचे कणकवलीकडचे. परळच्या एका गिरणीत साच्याखात्यात, म्हणजे मागांवर, होते. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणी त्यांना परत मिळाली नाही. मग वॉचमन, मग भाजीची गाडी, आणि आता मुलाच्या जिवावर पेपर वाचन. वस्तीत त्यांच्याइतका मोठा आवाज कोणाचा नाही.

महाकाली लेण्यांना जायचं तर अंधेरी स्टेशनच्या पूर्वेकडून बस मिळते, रिक्षाही येते. सकाळी लवकर जा. नंतर कातळ तापतो आणि सावली फक्त लेण्यांच्या आतच असते. बाहेर पाण्याची सोय आहे असं धरून चालू नका. लेणी बौद्ध भिक्षूंची आहेत. महाकालीचं नाव शेजारच्या देवळावरून पडलं. नवव्या लेण्यात एक स्तूप आहे आणि त्याच्याभोवती दगडातच कोरलेली गोल खोली, तिला दगडाचीच जाळी. आत उभं राहिलं की बाहेरचा गोंगाट एकदम दूर जातो. माझ्यासारख्या सतत काहीतरी विसरलंय असं वाटणाऱ्या माणसालाही तिथे दोन मिनिटं बरं वाटलं.

तेवढ्यात सर आत आले. सर म्हणजे भाऊंनी आणलेले ‘इतिहास अभ्यासक’. कमरेला स्पीकर, तोंडाजवळ माइक. त्यांनी सांगितलं की हे आपल्या राजांचं गुप्त शस्त्रागार होतं आणि इथून समुद्रापर्यंत भुयार जातं. लोक माना डोलवत होते. मी घाबरत घाबरत म्हटलं, “सर, बाहेरच्या बोर्डावर भिक्षूंचं लिहिलंय.”

“बोर्ड सरकारी आहे,” सर माइकवरच म्हणाले. “खरा इतिहास दडवलेला असतो.”

भुयार बघायला चार-पाच मुलं अंधारात शिरली आणि वटवाघळांना घाबरून बाहेर आली. सर म्हणाले, बघा, पहारेकरी अजून आहेत. सगळे हसले. मीही हसलो असतो. पण ज्यांनी हा कातळ छिन्नीने पोखरला, त्यांच्यातला एकही माणूस कधी हत्यार घेऊन उभा राहिला नव्हता, आणि आज त्यांनाच आमच्या वॉर्डाच्या निवडणुकीत शिपाई म्हणून भरती करून टाकलं होतं. मेलेल्या माणसाला नकार देता येत नाही, म्हणून त्याला काहीही करायला लावता येतं.

हायवेने बोरिवलीला पोहोचेपर्यंत आईने सगळ्या आल्याच्या वड्या संपवल्या. मंडपेश्वर लेणी पश्चिमेला आहेत, स्टेशनवरून रिक्षा सरळ नेते. समोर मोकळी जागा आहे, तिथेच आम्हाला पुरीभाजी आणि जिलेबीची पाकिटं मिळाली. पुऱ्या चामड्यासारख्या होत्या. तुम्ही जाल तेव्हा डबा घरून न्या.

आत शंकराच्या मूर्ती आहेत. नटराज झिजलाय, हात तुटलेत, तरी नाच थांबलेला नाही. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनी या लेण्याचं चर्च केलं. एका भिंतीवर मूर्ती काढून मोठा क्रूस कोरलाय, तो अजून दिसतो. वरच्या बाजूला त्यांच्या इमारतीचे अवशेष आहेत. आता आत पुन्हा पूजा होते. आमच्यातल्या बायांनी फुलं वाहिली. जवळपासच्या ख्रिस्ती घरांतल्या दोन म्हाताऱ्या मावश्या सावलीत बसल्या होत्या, त्यांनी आईला सरकून जागा दिली आणि तिघींची गुडघ्यांवर चर्चा सुरू झाली.

सरांची मात्र इथे वेगळीच चर्चा सुरू झाली. कोणी काय तोडलं, कोणाकडून काय परत घ्यायचं, याची त्यांनी उजळणी घेतली. तोडलं ते खरंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण माइक त्या दोन मावश्यांच्या दिशेने का वळला, हे मला कळलं नाही. त्यांनी चारशे वर्षांपूर्वी काय केलं होतं? आईने मला हळूच विचारलं, “हो माइकवालो कोणावर ओरडता?” मी म्हटलं, पोर्तुगीजांवर. ती म्हणाली, “ते खंय आसत?”

मामा तेव्हा क्रुसाकडे बघत उभे होते. मला म्हणाले की गिरणीत पण असंच असायचं, मालक बदलला की गेटावरचं नाव बदलायचं. आत घाम गाळणाऱ्याला कोणी विचारत नसे, की बाबा, नवीन नाव कसं वाटतंय.

पवईवरून, जोगेश्वरी-विक्रोळीच्या रस्त्याने आम्ही पूर्वेला आलो. सुट्टीचा दिवस असूनही बस मुंगीच्या चालीने चालली होती. घाटकोपरला चहा झाला. चहा चांगला होता, खरं ते सांगतो. तिथून घरी जायचं होतं, पण बस मानखुर्दच्या रस्त्याला लागली. मी लगेच मोबाइलवर नकाशा उघडला. ड्रायव्हरशेजारी बसलेल्या कार्यकर्त्याला विचारलं, तर म्हणाला, सरप्राइज आहे यार, टेन्शन नको घेऊस.

सरप्राइज म्हणजे देवनारजवळच्या एकसारख्या उंच इमारती. दोन इमारतींच्या मध्ये मांडव घातला होता आणि भाऊ स्वतः उभे होते. आता त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात सांगतो. आमच्या वस्तीच्या जागी टॉवर होणार आहे, ही गोष्ट आम्ही बरीच वर्षं ऐकतोय. टॉवर बांधेपर्यंत आम्ही कुठे राहायचं, यावरून वस्तीत भांडणं आहेत. काहींना वाकोल्यातच भाड्याचं घर हवं, काहींना काहीही चालेल. भाऊंचं म्हणणं, सगळ्यांनी इथे या. तात्पुरतं.

सजवलेली एक खोली दाखवली. पडदे, फरशी, स्वयंपाकाचा ओटा. आई सरळ आतल्या संडासात गेली, नळ सोडला, पाणी आलं, नळ बंद केला, पुन्हा सोडला. वस्तीतला सार्वजनिक संडास वापरत तिचं आयुष्य गेलं आहे. तिला काय वाटलं असेल ते मला कळलं, आणि ते भाऊंनाही बरोबर कळलेलं होतं, याचाच मला संताप येतो.

मी जिन्यात आलो तर वारा फिरला आणि डम्पिंग ग्राउंडचा वास आला. समोरच्या दारात एक बाई तांदूळ निवडत होत्या. मी विचारलं, तुम्ही इथल्याच का? त्या म्हणाल्या, नाही, रस्तारुंदीत आमची वस्ती गेली, पवईहून आणलंय.

“किती दिवसांसाठी?”

“दोन वर्षं म्हणाले होते. पोरगी बालवाडीत होती तेव्हा.” त्यांनी सुपातला खडा काढून जिन्यात टाकला. “यंदा दहावीला बसतेय.”

मी हे मामांना सांगायला खाली धावलो, पण खाली ग्रुप फोटोसाठी सगळ्यांना उभं केलं होतं. मला कोणीतरी ओढून रांगेत घेतलं. समोर दोन मोबाइल व्हिडिओ काढत होते. सरांनी माइक घेतला आणि महाराजांच्या नावाची घोषणा दिली.

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? महाराजांचं नाव कानावर पडलं की आपला हात विचारून वर जात नाही. सगळ्यांचे गेले. आईचा गेला, माझा गेला. मामांनी तर दोन्ही मुठी वर करून असा ‘जय’ दिला की वरच्या मजल्यांवरची माणसं गॅलरीत आली. तीनदा घोषणा झाली, तीनदा हात वर गेले. मग बिस्किटाचे पुडे वाटले आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात असताना वस्तीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला. त्यातली घोषणा काढून टाकली होती आणि मागे सनई लावली होती. वरती पट्टी होती: ‘देवनारच्या नव्या घरांना वाकोलावासीयांचा एकमुखी पाठिंबा.’ खाली आम्ही. हात वर. पहिल्या रांगेत वसंतमामा, दोन मुठींनिशी.

संध्याकाळी मामांकडे गेलो. त्यांनी पेपर समोर धरला होता पण वाचत नव्हते. त्यांचा मुलगाही तात्पुरत्या घराच्या विरोधात होता आणि बापाचा व्हिडिओ बघून जेवला नव्हता. मामा म्हणाले, “माका वापरल्यानी रे. माझ्याच देवाच्या नावान.” एवढंच बोलले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

लोक म्हणतात राजकारणात इतिहास आणू नका. मी म्हणतो, आणा, पण सगळा आणा. भुयारं आणता, तलवारी आणता, मग गिरण्या का आणत नाही? तिथेही लोकांना घरं मिळणार होती. तिथेही ‘थोडे दिवस’ होते. मामांच्या बरोबरीचे कितीतरी जण त्या थोड्या दिवसांत वारले. आम्हाला चारशे वर्षांपूर्वीचा शत्रू दाखवायचा, म्हणजे शेजारी उभा राहून आमच्या हाताचं शूटिंग करणारा दिसत नाही. ही सहल त्याचसाठी होती, आणि आम्ही टोप्या घालून गेलो होतो.

रविवारी सकाळी गणपतीच्या मंडपाच्या जागेत वस्तीच्या कमिटीची सभा झाली. सेक्रेटरींनी सांगितलं की व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाच आहे, ठराव मंजूर समजू, फक्त रीतीप्रमाणे एकदा हात वर करा. भाऊंचा माणूस मोबाइल घेऊन तयारच होता.

मामा उठले. वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत.

“गिरणीच्या गेटावर आम्ही हात वर करायचो,” ते म्हणाले. “पण आधी ठराव वाचायचे, मग हात. शेवटच्या रांगेतल्याला ऐकू नाही गेलं तर परत वाचायचे. संप फसला, आमची वाट लागली, सगळं खरं. पण हात कशासाठी वर केला ते आम्हाला ठाऊक होतं. तू वाच.”

सेक्रेटरी म्हणाले, काका, मोठा आहे ठराव. मामा म्हणाले, मी रिटायर आहे.

सेक्रेटरींना वाचावा लागला. देवनारला कधी जायचं ते त्यात होतं. सामान कोणत्या गाडीने न्यायचं तेही होतं. परत वाकोल्याला कधी यायचं, ते कुठेच नव्हतं. मागून कोणीतरी म्हणालं, पुन्हा वाचा ना, राहिलं असेल. पुन्हा वाचलं. नव्हतंच.

मग आई उभी राहिली. ती सभेत कधी बोलत नाही. “माका घर होया,” ती म्हणाली. “नळ होयो, संडास होयो. माझे पाय दुखतत. पण माका हयच होया, वाकोल्यातच.” आणि खाली बसून पदराने तोंड पुसलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी तिचा मुलगा. मी त्या जिन्यातल्या बाईंचं सांगितलं, बालवाडी आणि दहावीचं. आवाज कापत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला असावा, कारण तिथूनच कोणीतरी विचारलं, कुठल्या मजल्यावर राहतात त्या?

महाकाली आणि मंडपेश्वर जरूर बघा. स्वतःच्या पैशाने जा, बोर्ड स्वतः वाचा. आमचं पुढे काय होणार ते मला माहीत नाही. भाऊ मोठे आहेत, बिल्डर त्यांच्याहून मोठा आहे, आणि टॉवर हवा असलेले लोकही आमचेच आहेत. पण त्या रविवारी सेक्रेटरींनी शेवटी विचारलं, ठरावाच्या बाजूने कोण? भाऊंच्या माणसाने मोबाइल वर धरला. कोणाचाही हात हलला नाही. ज्यांना जायचं होतं त्यांचाही नाही. पहिल्या रांगेतल्या कदमकाकूंच्या नाकावर माशी बसली होती. ती उडेपर्यंत त्या नुसती मान हलवत राहिल्या.