रिकाम्या खोलीतला माणूस

"त्या कोपऱ्यात कोण हाय गं उभं?" चहा ठेवता ठेवता आत्यानं विचारलं.

माझ्या स्क्रीनवर एक रिकामी खोली होती. करड्या भिंती, एक दिवा, कोपऱ्यात सावली. खाली टेस्ट पास झाल्याची हिरवी खूण.

"कुणी नाही," मी म्हटलं.

"आगं, फेटा दिसतोय की." एवढं बोलून ती गेली. उजनी धरणाचं पाणी उतरलं की जुनं देऊळ बघायला आमच्या पळसदेवात पाहुणे लोटतात. तिला दुधाची काळजी.

मी चित्र मोठं केलं. सावलीत फेटा होता. फेट्याखाली चेहरा होता. तो माझ्याकडे बघत होता.

अजून तयार न झालेल्या ग्राफिक्स चिपची तपासणी करणं हे माझं काम. चिप हातात नसते, म्हणून तिची नक्कल करणारा प्रोग्रॅम, म्हणजे सिम्युलेटर, पुण्याच्या सर्व्हरवर चालतो. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे शेडर. त्याला चिपच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. आलेलं चित्र नमुन्याच्या चित्राशी ताडून पाहायचं. किरकोळ फरक माफ असतो. हा माणूस किरकोळ ठरला होता.

दुसऱ्या दिवशी मी होकार दिला की कंपायलर ग्राहकाकडे जाणार होता आणि तो लिहिणारा बारामतीचा इक्बाल नोकरीत कायम होणार होता. त्याचं प्रोबेशन दोनदा वाढलेलं. तिसऱ्यांदा वाढत नाही, असं एचआरनं गोड शब्दांत कळवलं होतं. आमच्या टीमच्या सरांनी समारंभही ठेवला होता. हार आणला होता, पण घालायला चिप नव्हती. सर्व्हरच्या कपाटाला घालायचं ठरलं.

मी टेस्ट पुन्हा चालवली. माणूस होताच, जरा डावीकडे सरकलेला. मी इक्बालला कॉल लावून स्क्रीन दाखवली. तो कॅमेऱ्याच्या जवळ सरकला.

"ताई, हे आमचे दादा हायेत. आजोबा. मागल्या साली वारले."

"इथं कसे?"

"मागल्या आठवड्यात भिंतीवर फोटो डकवायची टेस्ट व्हती. त्यांचाच फोटो घातला मी. पण पुसला व्हता. माझ्या हातानं पुसला."

भरदुपारी मी माझ्या खोलीतला दिवा लावला.

कारण संध्याकाळपर्यंत सापडलं. हिशेबात आकडे फार झाले की शेडर काही आकडे मेमरीत बाजूला ठेवतो आणि लागतील तसे उचलतो. कोपऱ्यातल्या सावलीपुरती कंपायलरची चूक होती: आकडा ठेवायच्या आधीच उचलला जाई. मग तिथं आधी जे असेल ते हाती येई. सिम्युलेटर नव्यानं सुरू करायला फार वेळ लागतो, म्हणून आम्ही तो बंदच करत नसू. त्याच्या मेमरीत दादा तसेच होते.

सर कॉलवर आले. "मेमरी साफ करून चालव."

चालवली. कोपरा काळाकुट्ट. हिरवी खूण.

"बघ, गेला."

"गेला नाही सर, दिसेनासा झाला. सावली काळी आणि कोरी मेमरीही काळीच."

"ग्राहकाला कळणार आहे का?"

"त्याच्या चिपवर दर वेळी मेमरी कोण साफ करणार? त्याच्याच कुणाचा तरी फोटो उगवेल."

सर इक्बालकडे वळले. "तुझं काय मत? उद्यावर तुझंही काही अवलंबून आहे."

इक्बालनं माइक बंद केला, पुन्हा चालू केला. "थांबवा सर. दादांना मी वळखलं म्हणून बरं. दुसऱ्याच्या घरात अनोळखी कुणी उभं दिसलं, तर त्यानं कुणाला इचारायचं?"

समारंभ रद्द झाला. हार सरांच्या केबिनमधल्या गणपतीला गेला; तो निदान होता. जे तिसऱ्यांदा वाढत नाही ते प्रोबेशन तिसऱ्यांदा वाढलं. कायम झाल्याचं पत्र इक्बालला मिळालं, पण दिवाळी उलटल्यावर.

दुरुस्ती त्यानंच केली. ती सर्व्हरवर चढवण्याआधी म्हणाला, "ताई, जुनंच एकदा चालवता का?"

मेमरी साफ झाली होती, म्हणून त्यानं पाठवलेला दादांचा फोटो मी आधी पुन्हा भिंतीवर डकवला, मग जुनं चालवलं; दादा कोपऱ्यात उभे. तो बघत राहिला. मग म्हणाला, "हं, चढवा आता."

कोपरा रिकामा झाला, या खेपेला खराखुरा. संगणकात पुसणं म्हणजे जागा मोकळी झाल्याची नुसती नोंद. राहणारा उठून गेलाय की नाही, ते कुणी बघायला जात नाही.