शुक्रवारची खाकी

कुंभिवलीच्या आमच्या कारखान्यात शुक्रवारी मनाजोगता पोशाख करण्याची मुभा होती. आम्ही टीशर्टात येत असू. शिपाईकाका मात्र कडक इस्त्रीच्या खाकीतच. मी आग्रह केला, तेव्हा ते हसले. "साहेब, तुमी कशातबी साहेबच. मला कोन वळखनार?"

तरीही पुढच्या शुक्रवारी माझ्या शब्दाखातर ते मुलीच्या लग्नातला निळा शर्ट घालून आले. फाटकावर मी त्यांच्या मागेच होतो. रोज त्यांच्याच हातचा चहा पिणाऱ्या पहारेकऱ्याने मान वर न करता, नुसता निळा शर्ट पाहून विचारले, "कुनाकडं काम हाय रं? वहीत नाव लिव."

काकांनी नाव लिहिले.

त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत शुक्रवारी आम्ही दोघेच नेहमीच्या पोशाखात असू. मी अजूनही असतो.