भाकरीचा पहिला तुकडा

माझी चुलत बहीण डॉक्टर झाली आणि मी ऑक्युपेशनल थेरपी शिकायला लागले. वणीत जो तो विचारायचा, "तू मालिश करणं शिकून राह्यली का वं?"

काकांना लकवा मारला, तेव्हा त्यांची ही लेक गोळ्या लिहून नागपूरला परत गेली. सुट्टीभर रोज त्यांच्या लुळ्या हातानं भाकर मोडायचा सराव मी करून घेतला. ती भेटायला आली, नेमकी त्याच दिवशी भाकर मोडली. काकांनी पहिला तुकडा तिच्या ताटात ठेवला.

"माह्या पोरीच्या गोळ्यायनं हात आला," ते म्हणाले.

मी वरणाची वाटी त्यांच्यापासून लांब सरकवली. हात लांबवायचा सराव त्यांना हवाच होता, पण मी ती सरावासाठी सरकवली नव्हती.