फाटक नसलेल्या जंगलात अप्पांबरोबर

अप्पा जपानला यायला तयार झाले ते मुळात जंगलासाठी. टोकियो टॉवर, डिस्नेलँड, बुलेट ट्रेन, कशाचंच त्यांना आकर्षण नव्हतं. "तिकडे नॅशनल पार्क आहेत ना? त्यातलं एक दाखव, बाकी काही नको," असं त्यांनी पुण्याहून फोनवरच बजावलं होतं. अप्पा म्हणजे माझे वडील. वनखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बरीचशी वर्षं सह्याद्रीतल्या एका अभयारण्यात गेली आणि माझं बालपणही तिथल्याच क्वार्टर्समध्ये. मी इथे आयटीत, ब्रिज इंजिनिअर, म्हणजे जपानी क्लायंट आणि पुण्याची टीम या दोघांचीही बोलणी खाणारी. मे महिन्यात गोल्डन वीकच्या सुट्ट्यांची गर्दी ओसरली, रिलीज एकदाचा पार पडला आणि मला दोन दिवसांची सुट्टी मिळाली. नवऱ्याला मिळाली नाही, आईच्या गुडघ्यांनी डोंगराला साफ नकार दिला. निघालो दोघंच.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडं. आम्ही टोकियोच्या कोतो भागात राहतो, तिथून आसाकुसा जवळ. आसाकुसाहून निक्को-किनुगावाकडे खासगी रेल्वे जाते. तिचा बससह पास मिळतो, तो सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतो. पुढे डोंगरातल्या गावांना बसच्या मोजक्याच फेऱ्या असतात, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा. रोख पैसे न्या, कार्ड कुणी विचारत नाही. आणि कचऱ्याचा डबा कुठेही सापडणार नाही, आपला कचरा आपण घरी आणायचा. आमच्याकडे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. तिचा रिकामा कागद अप्पांनी घडी घालून खिशात ठेवला आणि "शिस्त आहे" असं प्रमाणपत्रही दिलं.

बसमध्ये अप्पा खाकी स्वेटर घालून खिडकीशी ताठ बसले होते. झाडांची नावं पुटपुटत होते, बरीचशी चुकीची असावीत. राष्ट्रीय उद्यानाची पाटी मागे पडली तसे ते अस्वस्थ झाले.

"नाका कुठाय?"

"नाका नाहीये, अप्पा."

"मग फाटक? पास? नोंद कोण करतं?"

कुणीच करत नाही म्हटल्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच कुठेतरी भाषांतरात चूक केली होती.

मग मीच आधी वाचून ठेवलेलं सांगितलं. इथे उद्यानाच्या हद्दीतली सगळी जमीन सरकारची नसते. गावं, शेतं, देवळं, सगळं आतच असतं. काही भागात फुलाला हात लावायचा नाही, काही भागात गावाचे जुने हक्क चालतात. अप्पांनी "हं" केलं. त्यांचं हे "हं" म्हणजे पटलेलं नाही, पण भांडायला आत्ता वेळ नाही.

बसथांब्यापासून गाव थोडं चालत. सावलीत अजून बर्फाचे तुकडे पडलेले, ओढा खळाळत होता. ओढ्याकाठच्या उतारावर डोक्याला फडकं आणि पाठीला टोपली बांधलेली एक आजी वाकून काहीतरी खुडत होती. मी फोटोसाठी कॅमेरा काढेपर्यंत अप्पा पुढे पोचले आणि थेट मराठीत गरजले, "ए बाई! ठेव ते खाली! कुणाला विचारून तोडतेस?"

तो आवाज मला चांगलाच ओळखीचा होता. लहानपणी क्वार्टर्सच्या पडवीत तो उमटला की आम्ही भावंडं चिडीचूप व्हायचो. आजी मात्र दचकली, उठली आणि कमरेतून वाकली. पाहुण्याला भाजी हवी आहे असा तिचा समज झाला. टोपलीतून मूठभर कोंब काढून तिने अप्पांच्या हातात ठेवले आणि म्हणाली, "दोझो, दोझो." घ्या, घ्या. मुद्देमाल हातात घेऊन अप्पा नुसतेच उभे.

मी धावत जाऊन माफी मागितली, वडील वनखात्यात होते म्हणून सांगितलं. आजी खळखळून हसली. "मग आमच्यातलेच की!"

आजींचं आडनाव होशी, आणि त्यांच्याच घरी आमची खोली निघाली. गावात मिनशुकू, म्हणजे घरगुती मुक्कामाची सोय, एकच आहे, तेव्हा याला योगायोग म्हणायचंही कारण नाही. जेवणात तेच कोंब तळून आले. कोगोमी म्हणतात त्यांना, नेच्याचे कोवळे, गुंडाळलेले कोंब. बाहेरून कुरकुरीत, आतून किंचित बुळबुळीत. कुणी गेलात तर जरूर खा. अप्पांनी पहिला घास जरा दबकतच घेतला, मग प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. सुट्टीतही माझी दुभाष्याची नोकरी काही सुटली नाही.

"जास्त तोडलं तर दंड कोण करतं?"

"भाजी खुडायला डोंगर कधी उघडायचा ते गावाच्या बैठकीत ठरतं," आजी म्हणाल्या. "एका गड्ड्यातले दोन-तीन कोंब घ्यायचे, बाकीचे ठेवायचे. यंदा राखणीची पाळी आमच्या घराची आहे. कुणी चुकलं तर सगळे मलाच विचारतील. वरच्या दलदलीत मात्र आम्हीही पाय ठेवत नाही."

"उद्यान झालं तेव्हा तुम्हाला उठवलं नाही?"

हा प्रश्न आजींना कळेना. मी दोनदा, वेगवेगळ्या शब्दांत विचारला.

"उठवायचं? कुठे?" त्यांनी वाढायला आलेल्या सुनेकडे पाहिलं. "आम्ही गेलो तर गवत कोण जाळणार? रान कोण साफ करणार?" मग जरा थांबून म्हणाल्या, "तशी पाळी घ्यायला आता घरंच उरली नाहीत. गावातली मुलं सगळी टोकियोला."

हे सगळं मी मराठीत केलं. अप्पांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

जेवणानंतर मला म्हणाले, "सोनाबाई आठवते तुला?"

आठवणार नाही कशी! अभयारण्यातल्या वाडीवरची सोनाबाई आम्हाला पानांच्या द्रोणातून करवंदं आणून द्यायची. मी तिच्या कडेवर बसून ओढा ओलांडलेला आहे.

"तिचं हिरड्याचं पोतं मी जप्त केलं होतं. तीनदा. वाडी उठवली तेव्हा सगळ्यांत शेवटी ट्रकात चढली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

"तुम्ही कधी बोलला नाहीत, अप्पा."

"बोलायचं काय त्यात? ऑर्डर होती. आणि गवे परत आले, ओढे मार्चपर्यंत वाहायला लागले, ते काही खोटं नाही. पण जंगल राखायचं तर माणूस बाहेर काढायचा, एवढंच आम्हाला शिकवलं. त्या लोकांना राखणीला घेता आलं असतं का, हा प्रश्न खात्यात कुणी काढला नाही. मीही नाही."

मला त्यांची दयाही आली आणि चीडही. रोज येणारी सोनाबाई येईनाशी झाली, तेव्हा मी आठवडाभर विचारत होते. "गेली गावाला," एवढंच उत्तर मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी वरच्या दलदलीत गेलो. खाली पाय न ठेवता चालायला लाकडी फळ्यांची लांबलचक वाट, दोन्ही बाजूंना पिवळट गवत, मागे बर्फाचे डोंगर. जागा फार सुंदर आहे, फोटो खाली टाकले आहेत. समोरून येणारा प्रत्येक जण "कोन्निचिवा" म्हणत होता आणि अप्पा प्रत्येकाला नमस्कार करत होते. पण झाडांची नावं पुटपुटणं बंद झालं होतं. निघताना होशी आजींनी लोणच्याची पुडी दिली. अप्पा त्यांच्यापुढे कमरेतून वाकले, जरा जास्तच वेळ.

अप्पा-आई पुण्याला परतले. मी पुन्हा टेस्ट रिपोर्ट आणि उशिराच्या कॉन्फरन्स कॉल्समध्ये अडकले. ही सहल चांगली झाली का, असं ऑफिसात विचारतात तेव्हा मी "हो" म्हणते. जागा, जेवण, माणसं, सगळंच चांगलं होतं. तरी अप्पांना तिथे नेलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला अनेकदा वाटतं. म्हातारपणी माणसाला निदान आपल्या नोकरीचा अभिमान तरी असावा.

गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. वाडीचं पुनर्वसन केलं त्या वसाहतीत, सोनाबाईकडे, एसटीने एकटेच जाऊन आले होते. कालव्याकाठी पत्र्यांच्या घरांच्या ओळी, झाड म्हणाल तर एक सुबाभूळ. सगळे "साहेब आले, साहेब आले" म्हणत जमले, बाजेवर सतरंजी टाकली, चहा केला.

"सोनाबाई भेटली?"

"भेटली. दिसत नाही आता तिला फारसं. पण आवाजावरून ओळखलं. म्हणाली, 'सायेब, परवानगी घिऊन आलासा व्हय? आवंदा तरी आमास्नी वाडीवरच्या देवाला जाऊ द्या.' दर वर्षी अर्ज करतात म्हणे. उत्तर येत नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, सोनाबाई, मी रिटायर झालो. माझ्या हातात काही नाही. तर म्हणाली, 'मग आता कुणाला इचारायचं?'"